धान पांढरं पडतंय? आधी बांधीतलं पाणी काढा

नागपूर जिल्ह्यात मौदा, रामटेक, पारशिवनीकडे रोवणी (लावणी) होऊन पंधरा-वीस दिवस झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आज-उद्याच फिरून बघा. झडीचं पाणी तुंबलं की सुरळीतील अळी वाढते. धान पांढरं दिसलं की माणूस आधी कृषी केंद्र गाठतो, बांधी मात्र तशीच भरलेली. पीक जातं ते इथंच.

ही अळी पतंगाची, पण जगते पाण्यावर. अंगावर कल्ल्यांसारखे धागे असतात, त्यांतून ती पाण्यातला प्राणवायू घेते. पानाचं टोक कापून नळी करते, आत राहते आणि नळीसकट तरंगत दुसऱ्या चुडावर (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यावर) जाते. हिरवा भाग खरवडल्यामुळे पानावर पांढरा पापुद्रा उरतो. टोक कात्रीनं छाटल्यासारखं दिसलं तर हीच समजा. पाने गुंडाळणाऱ्या अळीत टोक शाबूत असतं.

“पाणी सोडलं आन् कालव्याचं पुन्हा आलंच नाही तर?” हे दरवर्षी ऐकतो. झड सुरू असताना ही भीती धरू नका. पाणी भरलेलं ठेवून फवारलं, तर पैसे पाण्यातच.

दोघांनी लांब दोराची टोकं धरून धानावरून ओढत न्या, नळ्या खाली पडतील. मग धुऱ्याला (बांधाला) तोंड पाडा आणि तिथं जुनी मच्छरदाणी लावा. नाहीतर तुमची अळी खालच्या बांधीत, म्हणजे शेजाऱ्याच्या धानात. अडकलेल्या नळ्या पुरून टाका. 2 ते 3 दिवस पाणी भरू नका, पण भेगाही पडू देऊ नका. नंतर 2 ते 3 सेंमी पाणी पुरे. आठवड्यानं पुन्हा बघा.

माझा अंदाज असा की नळ्या आधी ईशान्य कोपऱ्यात साचतात, कारण या दिवसांत वारा नैऋत्येचा. तो कोपरा सकाळी पाहा.

एवढं करूनही चुडाला 1 ते 2 ताज्या नळ्या असतील तरच क्विनॉलफॉस 25 टक्के प्रवाही, 10 लिटर पाण्यात 20 मिली. लेबल वाचून घ्या. दुकानदार सोबत टॉनिक, झिंक, ‘नवीन आलेलं’ काहीतरी देईल, ते ठेवून या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक तर नकोच, त्यानं पुढे रस शोषणारे तुडतुडे वाढतात. दोराला लावायला रॉकेलच्या मागेही लागू नका, रेशनवर ते मिळेनासं झालंय.

बाकीची कामं:
- निंदण
- धुऱ्यावरचं गवत कापणे
- खोडकिडीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे)
- युरियाचा हप्ता पाणी काढण्याआधी नको, वाहून जाईल

फुटवे पूर्ण झाल्यावर ही अळी दिसली तर फवारणीचा खर्च करू नका. मूळ शाबूत असेल तर धान नवी पानं काढतं.