इंडेक्स असूनही टेबल अख्खं का वाचलं जातं? आधी बेरीज करा

कोल्हापुरात डेटाबेसचं काम करायचं म्हटलं की साखर कारखाना, दूध संघ नाहीतर फाउंड्रीचा डेटा समोर येतोच. मी काटापावत्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. कॉलेज संपवून आलेली मुलं सुरुवातीलाच विचारतात, "दादा, इंडेक्स दिलाय, तरी अख्खं टेबल का वाचतंय?" इंडेक्स म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी, हवी ती रो (नोंद) कुठल्या पानावर आहे ते सांगणारी यादी. मी त्यांना कागद-पेन घ्यायला लावतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबल पानांत साठवलेलं असतं, एक पान 8 केबीचं. क्वेरी कुठल्या मार्गानं चालवायची हे त्यातला ऑप्टिमायझर खर्चाचा अंदाज करून ठरवतो. ओळीनं एक पान वाचायचा खर्च 1 धरतात, मध्येच उडी मारून वाचायचा 4, एक रो हाताळायचा 0.01 आणि एक अट तपासायचा 0.0025. हे मूळ सेटिंगचे आकडे. समजा, काटापावत्यांचं टेबल 10,000 पानांचं आहे आणि त्यात 10 लाख रो आहेत. अख्खं टेबल ओळीनं वाचायचा खर्च असा: पानांचे 10,000, रोंचे 10,000, एका अटीचे 2,500. एकूण 22,500. समांतर वर्कर (एकच काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) बंद ठेवून एक्सप्लेन, म्हणजे निवडलेला मार्ग आणि त्याचा खर्च दाखवणारी कमांड, चालवा, हाच आकडा दिसेल. हे मिलिसेकंद नाहीत. दोन मार्गांची तुलना करण्यापुरतं ते माप आहे. पानं आणि सीपीयू यांची अशी बेरीज करायची पद्धत आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातली. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ती 1979 मध्ये मांडली.

आता खरी गंमत. पावत्या तारखेच्या क्रमानं टेबलात पडतात. त्यामुळे एका आठवड्याच्या पावत्या शेजारशेजारच्या पानांवर सापडतात आणि तारखेचा इंडेक्स स्वस्त पडतो. पण एका गावच्या पावत्या हंगामभर विखुरलेल्या असतात. तितक्याच रो हव्या असल्या तरी पानं कितीतरी जास्त उघडावी लागतात. पीजी_स्टॅट्स या पोस्टग्रेसच्या आकडेवारीतला कोरिलेशन हा रकाना हेच सांगतो: 1 च्या जवळ म्हणजे क्रमवार, 0 च्या जवळ म्हणजे विस्कटलेलं. नवशिक्यानं सगळ्यात आधी हा रकाना बघावा असं माझं ठाम मत आहे. आणि बिल अदा झालेल्या पावत्या मागितल्या, त्या टेबलाच्या नव्वद टक्के निघाल्या, तर अख्खं टेबल वाचणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो. तिथं इंडेक्सची जबरदस्ती करू नका.

डिस्क एसएसडी असेल तर उडीचा 4 हा खर्च फार जास्त ठरतो. बरेच जण तो 1.1 ठेवतात.

तरीही प्लॅन (ऑप्टिमायझरनं निवडलेला मार्ग) चुकला, तर दोष बहुधा खर्चाच्या आकड्यांत नसतो, रोंच्या अंदाजात असतो. टेबलाची आकडेवारी गोळा करणारी अ‍ॅनालाइझ ही कमांड मूळ सेटिंगवर साधारण 30,000 रोंचा नमुना घेते, त्यावरून सगळा हिशेब. मोठा डेटा भरल्यावर अ‍ॅनालाइझ स्वतः चालवा. दुसरी अडचण दोन अटींची. तालुका कागल, गाव मुरगूड. समजा, टेबलात कागलच्या रो 10 टक्के आहेत आणि मुरगूडच्या 1 टक्का. ऑप्टिमायझर दोन्हींचा गुणाकार करून 1,000 रो धरतो. पण मुरगूड कागल तालुक्यातच आहे, म्हणजे प्रत्यक्षात 10,000 रो येतात. दहापट फरक! पुढं जॉइन (दुसऱ्या टेबलाशी जोडणी) असेल तर तो आणखी फुगतो. पोस्टग्रेस 10 पासून, म्हणजे 2017 पासून, क्रिएट स्टॅटिस्टिक्स ही कमांड वापरून या दोन रकान्यांचं नातं सांगता येतं. त्यानंतर अ‍ॅनालाइझ मात्र पुन्हा चालवावं लागतं. मग क्वेरी खरोखर चालवून दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये अंदाजित आणि प्रत्यक्ष रो शेजारी ठेवून तपासा.