थर्मामीटर फुटला? झाडू ठेवा, आधी पंखा बंद करा

मे महिन्यात, दादरच्या घरी, भर दुपारी थर्मामीटर हातातून सटकला आणि सासूबाई सवयीने झाडू घेऊन हजर. "अहो आई थांबा!" असं ओरडावंच लागलं. झाडूने पाऱ्याचे आणखी बारीक थेंब होतात, ते धुळीला चिकटतात आणि पंखा चालू असला की ती धूळ घरभर. व्हॅक्यूम क्लीनर तर त्याहून वाईट, तो गरम हवा सोडतो ना.

पारा ३५७ डिग्रीला उकळतो म्हणून आपण निवांत असतो, पण उघडा पडलेला पारा साध्या खोलीतही उडतच असतो. १० डिग्री वाढले की वाफ जवळपास दुप्पट. बंद खोलीत २० डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३-१४ मिलीग्रॅम पारा मावतो, ३० डिग्रीला तोच आकडा ३० च्या आसपास जातो. म्हणून मुंबईचा उन्हाळा जास्त त्रासाचा.

तर आधी पोरांना बाहेर काढा, आतलं दार लावा, पंखा आणि एसी बंद (एसी तीच हवा फिरवतो), खिडक्या सताड उघड्या. फरशीवर ऊन येत असेल तर पडदा ओढा, पण हवा अडवू नका. अंगठी, बांगड्या काढून ठेवा, पारा सोन्याला धरतो आणि मग सोनार काय ते बघेल. हातमोजे घालून जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने थेंब एकत्र ढकला, टॉर्च जमिनीलगत तिरका धरला की कपाटाखालचेही चमकतात, उरलेले सेलोटेपला चिकटवा. सगळं, टेपसकट, झाकणाच्या काचेच्या बरणीत. मोरीत काही टाकायचं नाही, कपडे मशीनमध्ये नाही.

एन९५ मास्क घालून बसलात तर तो धुळीवरचा पारा अडवेल, वाफ नाही, आणि उकाड्यात वाफच जास्त. बाहेरच्या हवेतही असंच काहीसं होतं: कोळशाच्या धुरातल्या पाऱ्याचा एक प्रकार डिसेंबरच्या गार पहाटे बारीक कणांवर बसतो, ऊन चढलं की त्यातला बराच सुटून वायू होतो.

बरणी गॅलरीतल्या उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेला थर्मामीटर आणि सीएफएल दिवे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, त्यामुळे ओल्या-सुक्यात न मिसळता वॉर्ड ऑफिसला विचारून वेगळं द्या, बरणीवर मोठ्या अक्षरात "पारा" लिहून. आमची बरणी अजून माळ्यावर आहे, उद्या नेतोच.