जुन्या गाडीत नवे इंजिन बसवताना: जुळणी किटमधल्या या चुका टाळा

जुळणी किट म्हणजे जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवायला लागणाऱ्या भागांचा संच. स्टँडर्ड हेराल्ड, फियाट ११००, काँटेसा या गाड्यांचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. त्यामुळे इंजिन बदलायचे ठरले की सगळे लक्ष इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या प्लेटवर जाते. पहिली चूक तिथेच होते. मारुती जिप्सीचे १.३ लिटर इंजिन घेणार असाल तर भंगारातून त्याच गाडीचा गिअरबॉक्सही घ्या. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी) वेगळी असते, म्हणून गिअरबॉक्स एकटा सुटा मिळतो आणि जुळणीच्या प्लेटची गरजच उरत नाही. किटमध्ये फक्त फाउंडेशनचे (इंजिन चासीवर टेकवणारे) ब्रॅकेट, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारी फिरती नळी) आणि क्लचची जोडणी राहते. सर्वांत स्वस्त किट तेच. मात्र जिप्सीचा स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतो. ती काढल्यावर काटा हलत नाही, म्हणून प्रोपेलर शाफ्टवर सेन्सर बसवण्याची सोय आधीच ठेवा.

लोखंड कापण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. हेराल्डसारख्या गाड्यांच्या मालकांनी आणखी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला. इंजिन बदलले की तो रस्ता बंद झाला असे धरून चाला. किट विकत असाल तर गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगून भागवू नका, कागदावर द्या.

आता प्लेट. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत १२ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट लेसरवर कापून मिळते आणि बाहेरचा आकार स्वस्तात होतो. बिघडते ते डॉवेलच्या (दोन भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनेच्या) आणि मधल्या भोकात. इतक्या जाडीत लेसरचे भोक वर-खाली सारखे उतरत नाही, कडा तापून कडक होतात आणि रीमर (भोक मापात आणणारे हत्यार) त्यावर टिकत नाही. ही भोके लेसरवर २ मिमी लहान ठेवा आणि एकाच सेटिंगमध्ये व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) बोअर करून मापात आणा. गॅस्केट कागदावर ठेवून पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवरून डॉवेलचे माप घेऊ नका. इंजिनाचा ब्लॉक आणि बेल हाऊसिंग (क्लच झाकणारे गिअरबॉक्सचे कवच) दोन्ही सीएमएमवर (अचूक मोजणीच्या यंत्रावर) मोजून घ्या. क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) मध्य शून्य धरून प्रत्येक भोकाचे अंतर लिहून ठेवा. हा खर्च एकदाच होतो, पुढचे सगळे संच त्याच ड्रॉइंगवर निघतात. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, वजन कमी करणाऱ्या खिडक्या कापण्यात वाचवा, इथे नको.

ॲल्युमिनियम हलके म्हणून तीच १२ मिमी जाडी ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत घेणारे पुष्कळ आहेत. एम१० बोल्टला पोलादात १० मिमी आटे पुरतात, ॲल्युमिनियमला १५ ते २० मिमी लागतात. दुसऱ्या-तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला की आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. त्यामुळे १२ मिमीला एमएसच बरी.

बोल्ट फक्त दाबून धरतो, मध्य साधतो तो डॉवेल. हे तपासायला फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकावर) डायल गेज (काट्याचे सूक्ष्म मापक) बसवा, टोक गिअरबॉक्सच्या मधल्या बोअरला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा एकूण ०.२५ मिमीच्या आत हलला पाहिजे. ०.४० दिसले तर मध्य त्याच्या निम्मा, म्हणजे ०.२० मिमी सरकलेला आहे. तो एक्सेंट्रिक (मध्य बाजूला असलेल्या) डॉवेलने जागेवर आणता येतो, भोक मोठे करून नव्हे. ही तपासणी टाळली की गाडी सुरुवातीला चालते. पुढे पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकातले छोटे बेअरिंग) वाजते, क्लच प्लेटचा हब सुटतो, गिअर आपोआप बाहेर येतो. दोष गिअरबॉक्सला दिला जातो आणि तो विनाकारण खोलला जातो.

१२ मिमी प्लेट घातली म्हणजे गिअरबॉक्स १२ मिमी मागे गेला. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे नाक पायलट बेअरिंगमध्ये आधी १५ मिमी आत असेल तर आता ३ मिमीच उरते. स्टार्टर बेल हाऊसिंगवर असेल तर तोही रिंग गिअरपासून (फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दात्यांपासून) तेवढाच लांब जातो. क्रँक आणि फ्लायव्हीलमध्ये १२ मिमीचा स्पेसर घातला तर फ्लायव्हील, क्लच आणि रिंग गिअर पुन्हा जागेवर येतात. नाकासाठी मात्र पुढे आलेला ब्राँझचा बुश वेगळा करावा लागतो. स्पेसरला दोन्ही बाजूंनी खांदा (मध्य धरणारी उंच कड) हवा आणि बोल्ट तेवढेच लांब, १०.९ ग्रेडचे हवेत. नंतर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करा.

क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सला जुळणारे हवेत, व्यास फ्लायव्हीलला जुळणारा. क्षमता काढणे अवघड नाही: २ × घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या. घर्षणांक ०.३, दाब ३५०० न्यूटन आणि त्रिज्या ०.०८ मीटर धरली तर १६८ न्यूटन-मीटर. इंजिनच्या टॉर्कच्या दीडपट क्षमता ठेवा, त्याहून कडक प्लेट घेऊन जुन्या पेडलवर आणि गुडघ्यावर भार टाकू नका.

प्रोपेलर शाफ्टकडे मात्र जवळजवळ कुणीच नीट पाहत नाही. ६० मिमी बाहेरचा, ५६ मिमी आतला व्यास आणि दोन्ही क्रॉसमध्ये (टोकांच्या वळत्या सांध्यांमध्ये) १२०० मिमी अंतर असलेला शाफ्ट मिनिटाला सुमारे ६८०० फेऱ्यांना लवून थरथरू लागतो. वापरात त्याच्या ७० टक्के, म्हणजे ४८०० च्या आत राहा. चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट यांच्या फेऱ्या सारख्या असतात. पण पाचव्याचे गुणोत्तर ०.८ असेल तर इंजिन ४००० वर असतानाच शाफ्ट ५००० वर जातो. क्राउन-पिनियनचे (मागच्या धुरीवरच्या गिअरचे) गुणोत्तर ४.३ आणि टायरचा घेर १.८ मीटर असेल तर ४८०० फेऱ्या म्हणजे ताशी साधारण १२० किमी. जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढलात की कारची वेगमर्यादा नेमकी तीच आहे आणि तिथे तासभर तोच वेग राहतो. शाफ्ट लांब पडत असेल तर मध्ये बेअरिंग देऊन त्याचे दोन तुकडे करा.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत वेल्ड झाले पाहिजेत. दोन्ही क्रॉसचे कोन १ ते ३ अंश असावेत आणि त्यांच्यात १ अंशाहून जास्त फरक नको. शून्य अंशही वाईट, कारण क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. मोजताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नव्हे. शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाला आत २० ते २५ मिमी मोकळी जागा ठेवा. हेराल्डचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ओढ वाटणारी गिअरपेटी) चासीला पक्का असल्याने तिथे ही हालचाल किरकोळ असते.

इंजिनाला रबरी फाउंडेशन आणि गिअरबॉक्सला लोखंडी ब्रॅकेट असे करू नका, बेल हाऊसिंगचा कान तडकतो. दोन्हीकडे रबर दिले की इंजिन चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटते. अर्थिंगची पट्टी विसरली तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा एक्सलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल जळते. २५ चौरस मिमीची पट्टी किटमध्येच द्या आणि ती रंग खरवडून बसवा. स्टार्टर फिरत असताना ब्लॉक आणि चासी यांच्यात मल्टीमीटर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर ती पुन्हा साफ करून आवळा.