महालक्ष्मीचा निळा स्लीपर, आतल्या दिव्यांसकट

मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेसला लागायचे ते निळे आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डबे पेरांबूरच्या त्या कारखान्यात बनायचे २०१८ सालीच थांबले. माझ्या मते आपल्या रेल्वेचा सगळ्यात देखणा डबा तोच, आणि तो बघावा रात्री, खिडक्या उजळल्यावर. म्हणून मॉडेल करताना आधी दिव्यांचा विचार करा, भिंती नंतर.

मापं एचओ या मॉडेल रेल्वेच्या प्रमाणाची, म्हणजे १:८७. खरा डबा २१,३३७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद. आपला २४५ बाय ३७ मिमी. बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) मध्यांत १७० मिमी अंतर ठेवा. चाकं तयारच घ्या. आपला ब्रॉडगेज या प्रमाणात १९ मिमीचा होतो, एचओचा रूळ १६.५ चा. मी तेवढं चालवून घेतो.

भिंतींना अर्ध्या मिमीची स्टायरीन (प्लास्टिक) शीट. खिडक्या शीट सपाट असतानाच कापा. कोपऱ्यांत आधी बारीक भोक पाडलं की पातं पुढं सरकत नाही. गजांसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंगवाल्याकडं ३६ नंबरची तार मागा, जेमतेम ०.२ मिमीची. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत धरून हलका हिसका द्या. तार किंचित ताणते आणि सुतासारखी सरळ होते. मग आतून सुपरग्लूचा ठिपका. इमर्जन्सी खिडकीला गज नसतात, ती मोकळी सोडा.

बाहेरून निळा रंग देण्याआधी आतली बाजू काळी करा आणि त्यावर फिकट रंग द्या. नाहीतर दिवे लागल्यावर खिडक्यांऐवजी सगळी भिंतच उजळते. छताच्या सांध्यालाही आतून काळी टेप.

आता दिवे. साध्या डीसी कंट्रोलरवर (रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून गाडीचा वेग बदलतो तो) १२ व्होल्टची एलईडी पट्टी वापरू नका. तिच्यात तीन-तीन एलईडी ओळीनं जोडलेले असतात, त्यामुळं गाडी हळू असेपर्यंत डबा अंधारातच राहतो. स्लीपरचे ९ कप्पे, प्रत्येकाला एक सुटा पांढरा एसएमडी (बारीक, चपटा) एलईडी आणि त्याचा स्वतःचा ४.७ किलोओहम रेझिस्टर. सगळे समांतर जोडा. साडेचार-पाच व्होल्टलाच उजेड दिसू लागतो आणि पूर्ण १२ ला डोळ्यावर येत नाही. आधी ब्रिज रेक्टिफायर हवा, म्हणजे गाडी उलटी नेली तरी दिवे चालतात. रेक्टिफायरनंतर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर, प्लस-मायनस बघून. रुळावर धूळ असली तरी उजेड लुकलुकत नाही. कपॅसिटर टॉयलेटच्या कोपऱ्यात आडवा बसवा, तिथल्या खिडकीची काच धुरकट करायचीच असते.

रुळातून वीज घ्यायला फॉस्फर ब्राँझची तार चाकाच्या पाठीला नुसती टेकली पाहिजे. दाबून बसवलीत तर तिचाच ब्रेक लागतो. डबा उतारावर ठेवून बघा, आपसूक घरंगळला पाहिजे.

छत चिकटवू नका. आतून चार खाचांत अडकवा, एखादा एलईडी गेला तर डबा न मोडता हात घालता येतो.