भारत आणि बांगलादेश: जीवनमानाची तुलना कशी करावी

नाशिक जिल्ह्यातील कांदा आणि द्राक्षे वर्षानुवर्षे बांगलादेशात जात आहेत. तिकडे आयात शुल्क वाढले, किंवा डिसेंबर २०२३ प्रमाणे आपल्याकडे कांद्यावर निर्यातबंदी लागू झाली, की लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समित्यांत त्या देशाची चर्चा सुरू होते आणि बहुतेक वेळा ‘तो देश आपल्यापेक्षा गरीब आहे’ एवढ्यावर येऊन थांबते. हे विधान कितपत खरे आहे, ते प्रसिद्ध आकडेवारीवरून कोणालाही तपासता येते. मात्र त्यासाठी थोडी शिस्त पाळावी लागते.

सर्वप्रथम ‘कोणता देश चांगला’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याऐवजी एखादी व्यक्ती नजरेसमोर आणावी (नुकतेच जन्मलेले मूल, दहावी झालेली मुलगी किंवा भूमिहीन शेतमजूर) आणि तिचे आयुष्य दोन्ही देशांत कसे जाईल, असे विचारावे. कोणते आकडे शोधायचे, हे या निवडीवरून ठरते.

त्यानंतर संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक पाहावा. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने १९९० मध्ये सुरू झालेला हा निर्देशांक आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून काढला जातो. २०२५ च्या अहवालात भारत आणि बांगलादेश या दोघांचाही निर्देशांक ०.६८५ असून दोघेही १३० व्या स्थानी आहेत. एवढे वाचून ‘दोन्ही देश सारखेच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, कारण निर्देशांकाचे घटक सुटे केले की वेगळे चित्र दिसते. भारताचे दरडोई उत्पन्न सुमारे नऊ हजार डॉलर, तर बांगलादेशाचे सुमारे साडेआठ हजार डॉलर आहे. प्रौढांचे सरासरी शालेय शिक्षण दोन्हीकडे सात वर्षांच्या आसपास आहे. जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान मात्र भारतात ७२ वर्षे आणि बांगलादेशात जवळपास ७५ वर्षे आहे. म्हणजे थोड्या कमी उत्पन्नात तेथील माणूस अधिक जगतो, आणि तुलना करणाऱ्याने सर्वाधिक वेळ याच जागी द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

उत्पन्नाचे हे डॉलर बाजारातील विनिमय दराचे नाहीत, तर क्रयशक्ती समतेचे आहेत. अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढे मिळते, तेवढे घेण्यासाठी भारतात साधारण २० ते २२ रुपये पुरतात, हे गृहीत धरून ते काढलेले असतात. दोन स्रोतांतील वेगवेगळ्या प्रकारचे डॉलर एकाच तक्त्यात कधीही मांडू नयेत.

आरोग्यासाठी आपल्याकडील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि बांगलादेशाचे लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण घ्यावे. दोन्हींची प्रश्नावली आणि पद्धत एकाच आंतरराष्ट्रीय परंपरेतील असल्यामुळे त्यांचे आकडे शेजारी ठेवता येतात. फक्त भारताची पाहणी २०१९-२१ ची आणि बांगलादेशाची २०२२ ची आहे, हे नोंदवून ठेवावे. दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू (एक वर्षाच्या आतील बाळांचे मृत्यू) भारतात सुमारे ३५ आणि बांगलादेशात २५ होते. वयाच्या मानाने उंची कमी असलेली पाच वर्षांखालील बालके भारतात ३५.५ टक्के, तर बांगलादेशात २४ टक्के होती.

आकडा मिळाला की त्याचे कारण शोधावे, अन्यथा तुलना अर्धवट राहते. १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बांगलादेशात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांपासून जुलाबावर द्यायची जलसंजीवनी तयार करण्यास मातांना शिकवले. गावाने एकत्र येऊन हागणदारीमुक्त होण्याची चळवळही २००० मध्ये त्याच देशातील राजशाही जिल्ह्यात सुरू झाली. आपल्या २०१९-२१ च्या पाहणीत मात्र सुमारे १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नव्हती. उघड्यावरील शौचामुळे होणारे वारंवारचे जंतुसंसर्ग आणि बालकांची खुंटलेली वाढ यांचा संबंध अनेक अभ्यासकांनी मांडला आहे, त्यामुळे आहाराइतकेच स्वच्छतेचे आकडेही पाहावेत.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात. १४० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारताची सरासरी सुमारे १७ कोटींच्या बांगलादेशासमोर ठेवली, तर केरळ आणि उत्तर प्रदेश एकाच आकड्यात मिसळतात. त्याच सर्वेक्षणात केरळचा अर्भकमृत्यू दर ४.४ आणि उत्तर प्रदेशाचा ५०.४ होता. म्हणून लोकसंख्येने जवळचे असे एखादे राज्य निवडावे. महाराष्ट्र घेतला, तर अर्भकमृत्यू दर २३.२, म्हणजे बांगलादेशापेक्षा किंचित कमी येतो. मात्र खुज्या बालकांचे प्रमाण ३५.२ टक्के, म्हणजे त्या देशापेक्षा बरेच जास्त आहे. इतके उत्पन्न असलेल्या राज्यात असे असणे ही आपल्यासाठी गंभीर बाब आहे. राज्याच्या सरासरीतही निफाडची द्राक्षबागायती आणि सुरगाणा, पेठसारखे आदिवासी तालुके एकत्रच मोजले जातात, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. तीच दक्षता ढाका आणि तेथील दुर्गम किनारपट्टीबाबतही घ्यावी.

स्त्रियांच्या रोजगाराची तुलना करताना आधी व्याख्या वाचावी. घरच्या शेतीत विनामोबदला राबणारी स्त्री आपल्याकडील श्रमबल पाहणीत कामात असलेली म्हणून मोजली जाते. दुसऱ्या देशाच्या पाहणीत ती तशीच मोजली आहे का, हे कळल्याशिवाय ते दोन आकडे शेजारी लिहू नयेत.