मित्रांसोबत नॅरोबोट: लँगॉलन कालव्यावरची पहिली सफर कशी आखावी

नॅरोबोट म्हणजे कालव्यासाठीची लांब, अरुंद, राहता येणारी बोट. पहिलीच खेप असेल तर इंग्लंड-वेल्स सीमेवरचा लँगॉलन कालवा घ्या आणि बोट एल्समिअरच्या आसपास भाड्याने मिळवा. तिथून लँगॉलन गावापर्यंत दोनच लॉक (बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले पाण्याचे हौद) लागतात, दोन्ही न्यू मार्टनला. कालव्याच्या सुरुवातीपासून, म्हणजे हर्लस्टनहून निघालात तर 21. गटात ‘अजून पुढे जाऊ या’ म्हणणारा एक असतोच. हिशेब त्यालाच करायला लावा. वेगाची मर्यादा ताशी 4 मैल, प्रत्यक्षात 3 धरा आणि प्रत्येक लॉकसाठी एक मैल वाढवा. जाऊन-येऊन चार दिवस हाताशी ठेवा.

बोट जेमतेम सात फूट रुंद असते. ‘सहा जणांची’ बोट चौघांना सुखाची. उरलेले दोघे जेवणाच्या टेबलाच्या जागी झोपतात, आणि ते उठेपर्यंत कुणाला नाश्ता मिळत नाही.

भाड्याची बोट चालवायला परवाना लागत नाही. निघण्याआधी कंपनीवाले शिकवतात. टिलर, म्हणजे मागचा सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं, हे हातात बसायला थोडा वेळ लागतो. ब्रेक नसतो, रिव्हर्स टाकूनच थांबायचं. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून अगदी हळू जा, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात आणि आतल्यांचा चहा सांडतो.

लॉकवर एकाने बोटीवर राहायचं, बाकीच्यांनी विंडलस, म्हणजे पाण्याच्या झडपा फिरवायची किल्ली, घेऊन उतरायचं. चढताना बोट आत घ्या, मागची दारं लावा, मग वरच्या झडपा आधी अर्ध्याच उघडा. एकदम उघडल्या तर बोट पुढे-मागे आपटते. विंडलस झडपेच्या खुंटीवर अडकवून सोडू नका, झडप निसटली तर ते गरगर फिरून हात मोडू शकतं. खरा धोका परतीच्या उतरणीत असतो. वरच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो आणि भिंतीवर त्याची पांढरी खूण. बोटीचा मागचा भाग त्या खुणेच्या पुढे ठेवा. उंबऱ्यावर अडकला तर पाणी उतरताना बोट मागून लटकते आणि बुडते. अशा वेळी आधी खालच्या झडपा बंद करायच्या, ओरडायचं नंतर.

पुढे पाँटकसल्टे जलसेतू. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांचं हे काम 1805 साली खुलं झालं: 307 मीटर लांब लोखंडी पन्हळ, 38 मीटर खाली डी नदी. एका बाजूला कठडा असलेली पायवाट, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मुलांना आत बसवा. समोरून बोट येत नाही ना, हे पाहूनच शिरा.

जलसेतूपलीकडच्या ट्रेव्हर गावानंतर कालवा काही ठिकाणी इतका अरुंद होतो की दोन बोटी मावत नाहीत. गटातल्या सर्वांत चपळ माणसाला फोन देऊन काठाने पुढे पिटाळा. ‘या’ म्हणाला की निघा.

अंधार पडायच्या आत बोट बांधा आणि पाण्याची टाकी रोज भरा, विशेषतः कुणाला लांबलचक शॉवरची सवय असेल तर.