फेडरल पोलीस खात्यांत बदली घेताना वयाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

अमेरिकेतील एका फेडरल पोलीस किंवा तपास खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ पाहणाऱ्यांच्या कागदांत मला वर्षानुवर्षे त्याच त्या चुका दिसत आल्या आहेत. वॉशिंग्टनच्या परिसरातील एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ओळखीची मराठी मुले आपली फाईल घेऊन घरी येतात. त्यांतल्या पुष्कळांना नागरिकत्वच तिशीच्या आसपास मिळालेले असते आणि या नोकऱ्यांसाठी नागरिकत्व आधी लागते, त्यामुळे वयाची अट त्यांना इतरांपेक्षा लवकर गाठते.

मूळ नियम अवघड नाही. या पदांना विशेष निवृत्ती योजना लागू असते, तिच्यात वयाच्या ५७ व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावे लागते आणि पूर्ण लाभासाठी २० वर्षांची सेवा लागते. ५७ मधून २० वजा केले की ३७ उरतात, म्हणून बहुतेक खात्यांत ३७ वा वाढदिवस येण्याआधी नियुक्ती व्हावी लागते. मात्र कायद्यातील शब्द ‘मूळ नियुक्ती’ असा आहे. ज्याने या योजनेखालच्या पदावर आधीच सेवा केली आहे, त्याच्या वयातून ती वर्षे वजा करून हिशेब मांडण्याची पद्धत आहे. ४१ वर्षांच्या माणसाची अशी ६ वर्षे झाली असतील, तर त्याचे वय ३५ धरले जाते.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते, कारण कोणती वर्षे वजा होतात हे कोणी तपासून पाहत नाही. अंगावर गणवेश, छातीवर बिल्ला आणि कमरेला पिस्तूल असले म्हणजे पद या योजनेखालीच असणार, असे गृहीत धरले जाते. माझ्याकडे आलेला एक मुलगा ३९ वर्षांचा होता. सरकारी इमारतींची राखण करणाऱ्या एका फेडरल पोलीस दलात त्याने ११ वर्षे काढली होती आणि एका तपास खात्याने त्याला तात्पुरते नेमणूकपत्र दिले होते. ३९ मधून ११ वजा केले की २८, त्यामुळे काळजी नाही, असे त्याला भरती विभागातून फोनवर सांगण्यात आले होते. त्या भरवशावर त्याने भाड्याचे घर सोडण्याची नोटीस दिली आणि त्याच्या पत्नीने शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने प्लास्टिकच्या फाईलमधून एसएफ-५०, म्हणजे नियुक्ती, बदली यांची नोंद असलेला सरकारी कागद, काढला, तेव्हा मी आधी ३० क्रमांकाचा रकाना पाहिला. तिथे ‘के’ हे अक्षर होते, म्हणजे सर्वसाधारण निवृत्ती योजना. विशेष योजनेखालच्या माणसाच्या त्या रकान्यात ‘एम’ असतो. त्याची ११ वर्षे या हिशेबात शून्य होती, आणि पुढच्या आठवड्यात नेमणूक रद्द झाल्याचे पत्र आले.

आपले पद चुकीच्या योजनेत टाकले आहे असे वाटत असेल, तर ते पद स्वीकारल्यापासून ६ महिन्यांच्या आत लेखी दाद मागावी लागते. ११ वर्षांनी ती मागून काही हाती लागत नाही. म्हणून नवीन पदावर रुजू झालेल्या प्रत्येकाला मी सांगतो की पहिला एसएफ-५० हातात आला, की त्याच दिवशी ३० वा रकाना बघा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. पगाराच्या चिठ्ठीवर मी विसंबत नाही. विशेष योजनेत कपात अर्ध्या टक्क्याने जास्त असते हे खरे, पण तेवढा फरक ओळखण्याइतके आपली चिठ्ठी बारकाईने वाचणारी माणसे मला थोडीच भेटली.

दुसरी चूक वजाबाकी न समजल्यामुळे होते. योजनेखालच्या पदावर तुम्ही सलग आहात तोवर वयही वाढते आणि सेवाही वाढते, त्यामुळे वजा करून उरणारा आकडा जागचा हलत नाही. तो तुमचे प्रवेशाच्या वेळचे वयच असते. सीमा गस्त दलाच्या एजंटपदासाठी वयोमर्यादा ४० आहे. तिथे ३९ व्या वर्षी शिरून पाच वर्षांनी ३७ ची अट असलेल्या खात्यात जाऊ, असा बेत करणाऱ्याचा आकडा पाच वर्षांनीही ३९ च असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्थलांतर व सीमाशुल्क अंमलबजावणी खात्याच्या पदांसाठी वयाची कमाल अट काढल्याची घोषणा झाली, तेव्हा आधी तिथे घुसू आणि मग हवे तिकडे जाऊ, असे सांगणारे मला अनेक जण भेटले. त्या खात्यात आयुष्य काढायचे असेल तर खुशाल अर्ज करावा, पण ४५ व्या वर्षी शिरलेल्या माणसाला तो पुढच्या खात्याचा जवळचा रस्ता होत नाही. योजनेच्या बाहेर काढलेले प्रत्येक वर्ष मात्र हा आकडा एकाने वाढवते, हे मधल्या काळात खासगी नोकरी करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी चूक सेवेतील खंडाची. प्रत्यक्ष तपासाच्या किंवा अटकेच्या कामावरून त्याच क्षेत्रातील देखरेखीच्या किंवा प्रशासकीय पदावर जाताना विशेष योजना टिकवायची असेल, तर आधीच्या कामात किमान ३ वर्षे झालेली असावी लागतात आणि मधला खंड ३ दिवसांहून जास्त असून चालत नाही. १४ वर्षे सेवा झालेल्या एका अधिकारी बाईंनी अशाच बदलीत दोन नोकऱ्यांच्या मध्ये दोन आठवडे विश्रांती घेतली आणि सेवेची २० वर्षे पुरी करण्याची वाटच बंद करून बसल्या. मी स्वतः शुक्रवारी एक नोकरी सोडून सोमवारी दुसरीत रुजू होण्याचाच आग्रह धरतो, आणि राजीनाम्याच्या तारखेसमोर नव्या रुजू-तारखेचे पत्र टाचल्याशिवाय राजीनामा देऊ देत नाही.

अर्जाच्या दिवशीचे वय धरून निश्चिंत राहू नका. नियुक्तीच्या दिवशीचे वय धरले जाते, आणि वैद्यकीय तपासणी व पूर्वचरित्राची चौकशी यांत महिनेच्या महिने जातात.

राज्याच्या, शहराच्या किंवा काउंटीच्या पोलिसांतील सेवा वयातून वजा होत नाही. सैन्यातील सेवाही वजा होत नाही, पण सरकारी भरतीत प्राधान्याचा हक्क असलेल्या माजी सैनिकांना २००८ मधील एका निकालापासून कमाल वयाच्या अटीतून सूट मिळत आली आहे. प्रत्येक माजी सैनिकाला हा हक्क नसतो. मेजर किंवा त्यावरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांना तो अपंगत्व असेल तरच मिळतो, त्यामुळे केवळ सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला जोडून भागत नाही. अशी सूट घेऊन ४५ व्या वर्षी आलेल्याला ५७ व्या वर्षी घरी बसवत नाहीत. त्याची २० वर्षे पुरी होईपर्यंत, म्हणजे ६५ व्या वर्षापर्यंत, त्याला सेवेत राहता येते.